दारू एकदम बंद करू नका, असे डॉक्टर म्हणाले

दादाने दारू सोडायचे ठरवले ते स्वतःहून, कोणी हातापाया पडले म्हणून नव्हे, आणि त्याचा विचार बदलायच्या आत आम्ही त्याला व्यसनोपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. त्यांनी तपासले, दाखल करून घ्यायचेही ठरवले, पण खाट रिकामी व्हायला काही दिवस लागणार होते. मधल्या काळात घरात एकही बाटली राहू देणार नाही, असे वहिनी ठासून सांगू लागली, तेव्हा डॉक्टरांनी तिला मध्येच थांबवले. "तसे करू नका," ते म्हणाले आणि दादाकडे वळले. "दाखल होईपर्यंत पिणे एकदम बंद करायचे नाही. वाढवायचे तर मुळीच नाही, थोडे थोडे कमी करता आले तर करा, जेवण चुकवू नका; पण एका रात्रीत बंद करू नका. हात फार थरथरू लागले, उलट्या थांबेनात किंवा बोलणे असंबद्ध व्हायला लागले, तर खाटेची वाट न पाहता सरळ तातडीच्या विभागात या."

वहिनीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. जी गोष्ट बंद व्हावी म्हणून तिने इतकी वर्षे जिवाचे रान केले, तीच आणखी काही दिवस चालू द्या, असे एक डॉक्टर सांगत होते. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "हे डॉक्टर आहेत की गुत्तेवाले?" त्या दिवशी मलाही त्या सल्ल्यामागचे गांभीर्य पुरते उमगले नव्हते. पुढे जे पाहिले त्यातून मात्र एक गोष्ट पक्की समजली. दारू सोडणे हे मनोनिग्रहाचे काम आहे असे आपण सगळे धरून चालतो, पण रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते सर्वांत आधी वैद्यकीय काम असते, आणि ते जाणत्या देखरेखीविना केले तर ज्याचा निग्रह पक्का, त्याचाच जीव आधी धोक्यात येतो.

यामागचे कारण डॉक्टरांनी कागदावर दोन बाण काढून समजावले होते. मेंदूतली उत्तेजना आवरून धरण्याचे काम गाबा नावाचे रसायन करते आणि ती वाढवण्याचे काम ग्लुटामेट करते. दारू गाबाचा जोर वाढवते, ग्लुटामेटचा दाबते, म्हणून प्यायलेला माणूस सैलावतो. हे दररोज होऊ लागले की मेंदू तोल राखण्यासाठी उलट्या बाजूने स्वतःत बदल करून घेतो. ब्रेक सतत दाबलेलाच राहणार हे गृहीत धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय खोल खोल जावा, तसे ते असते. अशा वेळी ब्रेक एकाएकी सुटला तर काय होते, ते शरीर ठरावीक क्रमाने दाखवते. शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 8 तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते, मळमळते आणि झोप उडते. पहिल्या 48 तासांत आकडी येऊ शकते, आणि 48 ते 96 तासांच्या दरम्यान काही रुग्ण डिलिरियम ट्रेमेन्स या अवस्थेत जातात, ज्यात भ्रम, भास, ताप आणि वेडावाकडा वाढलेला रक्तदाब हे सगळे एकत्र येते. उपचारांची नीट सोय नव्हती त्या काळी या अवस्थेत गेलेल्यांपैकी एक तृतीयांशापर्यंत लोक दगावत. आता वेळेवर उपचार झाले तर हे प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली राहते.

दादा यांपैकी कशात बसेल असे आम्हाला वाटलेच नव्हते, कारण तो कधी कुठे पडला नाही, घरात हात उगारला नाही, नोकरीतला एक दिवस चुकवला नाही. तो हिशेबतपासनीस आहे आणि त्याचे आकडे कधी चुकले नाहीत. "मला चढत नाही," हे तो कौतुकाने सांगे आणि ऐकणारेही ते कौतुकानेच ऐकत. डॉक्टरांच्या लेखी मात्र हीच सर्वांत वाईट खूण होती. जेवढ्या दारूत दुसरा माणूस आडवा होईल तेवढीत हा ताठ उभा राहतो, याचा अर्थ त्याचा मेंदू दारूला पुरता सरावला आहे; यकृत, स्वादुपिंड आणि हृदय यांना तसा सराव होत नसतो, त्यांना प्रत्येक घोटाची पूर्ण झळ पोहोचतच असते.

पहिल्या भेटीत त्याच्याकडून दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली होती. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ही प्रश्नावली 'ऑडिट' या नावाने ओळखली जाते. तिचे एकूण गुण 40, आणि 20 किंवा त्याहून अधिक गुण आले तर अवलंबित्वाची दाट शक्यता धरून पुढची तपासणी करतात. किती आणि कितीदा पिता, या सुरुवातीच्या प्रश्नांना दादाने सवयीप्रमाणे निम्मी उत्तरे दिली असणार, याबद्दल मला शंका नाही. पण आदल्या रात्रीचे काही आठवत नाही असे गेल्या वर्षात किती वेळा झाले, आणि सकाळी उठल्यावर सावरण्यासाठी प्यावे लागले असे किती वेळा झाले, या दोन प्रश्नांशी तो बराच वेळ थांबला. सकाळच्या घोटाबद्दल घरात कोणालाच माहिती नव्हती. आंघोळीला लागणारा त्याचा वेळ अलीकडे वाढला होता, एवढेच वहिनीच्या लक्षात आले होते.

त्याच भेटीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या घेऊन या, असे आधीच सांगितलेले असल्यामुळे वहिनीने एक पिशवी भरून आणली होती, आणि त्यात दादाच्या कामाच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात सापडलेली झोपेच्या गोळ्यांची एक पट्टी होती. एकेक गोळी कात्रीने चौकोनी कापून खिशात न्यायची सवय असल्यामुळे तिच्या कडा करवतीसारख्या झाल्या होत्या, आणि नाव छापलेला तुकडा कधीच गेला होता. डॉक्टरांनी उरलेले तुकडे जोडून पाहिले आणि मग पहिल्यांदाच आवाज चढवला. दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही मेंदूला मंद करतात, आणि एकत्र आल्या की श्वास चालू ठेवणारे केंद्रही मंदावते. प्रत्येकी जे प्रमाण सोसवते, ते दोन्हींचे मिळून झोपेत श्वास थांबवू शकते. अफूवर्गीय वेदनाशामकांचेही तेच. साध्या पॅरासिटामॉलबद्दलही त्यांनी बजावले, कारण नेहमी पिणाऱ्याच्या यकृतात त्याचे विषारी रूप अधिक तयार होते आणि ते निष्प्रभ करणारा साठा आधीच आटलेला असतो. माझ्या मते घरोघरी सर्वांत कमी बोलला जाणारा धोका हाच आहे. बाटली दिसते, तिचा वास येतो, तिच्यावरून भांडणे होतात. गोळीचे कोणाला काहीच कळत नाही.

दाखल झाल्यावर पहिली सुई टोचली ती थायमिनची, म्हणजे ब 1 जीवनसत्त्वाची, आणि सलाइनमधून ग्लुकोज त्यानंतर. क्रम उलटा का नको, हे मी परिचारिकेला विचारले. शरीरात थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. पिणाऱ्याचे खाणे कमी झालेले असते आणि दारूमुळे आतड्यातून जीवनसत्त्व शोषलेही नीट जात नाही. ग्लुकोज वापरायला थायमिन लागते, त्यामुळे रिकाम्या साठ्यावर आधी ग्लुकोज दिले तर उरलेसुरलेही संपते आणि मेंदूला इजा होऊ शकते. गोंधळलेले मन, तोल जाणारी चाल आणि डोळ्यांच्या हालचालीतला बिघाड, अशा या आजाराचे वर्णन कार्ल वेर्निके यांनी 1881 मध्ये केले. त्याकडे दुर्लक्ष झाले तर नवीन आठवणी साठवण्याची शक्तीच कायमची जाऊ शकते, आणि मग माणूस स्मृतीतल्या फटी कल्पित गोष्टींनी भरू लागतो, तेही आपण खोटे बोलतो आहोत हे न जाणता. एवढे मोठे नुकसान टाळणारे औषध साधे जीवनसत्त्व असावे, याचे मला आजही नवल वाटते.

पुढचे दिवस परिचारिकांच्या वहीत मोजले गेले. काही तासांनी एकदा त्या येत, दादाला दोन्ही हात समोर ताणून बोटे फाकवायला सांगत, तळव्यावरून बोट फिरवून घाम पाहत, आणि ठरलेले प्रश्न विचारत: उजेड डोळ्यांना टोचतो का, आवाज नेहमीपेक्षा मोठे वाटतात का, अंगावर काही चालल्यासारखे वाटते का, आज तारीख काय. दहा बाबींच्या या मोजपट्टीत जास्तीत जास्त 67 गुण होतात, आणि जेवढे गुण अधिक तेवढी औषधाची मात्रा अधिक. हे औषध म्हणजे बेंझोडायझेपिन वर्गातल्या गोळ्या. एरवी बहुतेकांना क्लोरडायझेपॉक्साइड देतात, पण दादाच्या यकृताच्या चाचण्या बिघडलेल्या असल्याने त्याला लोराझेपाम दिले, कारण ते पचवायला यकृताला कमी सायास पडतात. बॅगेत सापडलेल्या गोळ्याही याच वर्गातल्या होत्या, हे कळल्यावर वहिनी चकित झाली. "म्हणजे घरी विष आणि इथे औषध?" तिने विचारले. मात्रा कोण ठरवतो, श्वास कोण मोजतो आणि गोळी कोणत्या दिवशी कमी करत थांबवायची हे आधी ठरले आहे का, एवढाच फरक आहे, असे उत्तर मिळाले. तो फरक फार मोठा आहे, हे तिला त्या रात्री पटले.

उपचार चालू असूनही दादा भ्रमात गेला. संध्याकाळपर्यंत तो चिडचिड करत होता, आणि दिवे मंद झाल्यावर त्याने पांघरुणावरून न दिसणारे धागे वेचायला सुरुवात केली. मग तो उठून बसला, मांडीवर एक अदृश्य वही उघडली, अंगठ्याला थुंकी लावून पाने उलटू लागला आणि खर्जातल्या आवाजात रकान्यांच्या बेरजा करू लागला. मध्येच माझ्याकडे पाहून म्हणाला, "व्हाउचर कुठे आहेत? व्हाउचर नसतील तर मी सही करणार नाही." मी त्याची धाकटी बहीण आहे हे त्याला त्या क्षणी माहीत नव्हते. त्याचे हात इतके थरथरत होते की त्या नसलेल्या वहीचेही पान त्याला धड उलटता येत नव्हते, आणि अंगातल्या सदऱ्याला पिळले असते तर घाम निथळला असता. अनेक रुग्ण भ्रमात आपापला व्यवसायच करू लागतात, असे नंतर डॉक्टरांनी सांगितले. त्यांनी खोलीतला दिवा पूर्ण लावायला लावला, खाटेचे कठडे वर केले, शिरेतून औषध वाढवले, आणि ओळखीचे एकच माणूस जवळ बसावे, त्याने वाद न घालता शांतपणे नाव, जागा, वेळ सांगत राहावे, असे सांगितले. मी रात्रभर तेच करत होते. घरी हे घडले असते तर आम्ही त्याला भुताने झपाटले समजलो असतो किंवा प्यायलेलाच आहे समजून खोलीत कोंडले असते, आणि दोन्ही प्रकारांत सकाळपर्यंत तो हाती लागला असता की नाही, हे सांगणे कठीण आहे.

शेजारच्या खाटेवर हेरॉइन टोचून घेणारा एक तरुण होता. त्याची अवस्था दिसायला दादापेक्षा वाईट होती: पाय झाडत होता, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होते, हाडे कोणी मोडत असल्यासारखा विव्हळत होता. तरीही डॉक्टरांना त्याच्या त्या त्रासाची तितकी धास्ती नव्हती, कारण अफूवर्गीय पदार्थ सोडताना यातना भयंकर होत असल्या तरी त्यांनी जीव क्वचित जातो. त्याच्या आईला ते जे बजावत होते ते वेगळेच होते. उपचार घेऊन बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे त्याला सर्वांत जास्त धोका आहे. शरीराचा सराव मोडलेला असतो, आणि त्याने पूर्वीइतकीच मात्रा पुन्हा टोचली तर तेवढ्यानेच श्वास थांबू शकतो. म्हणून हेरॉइनची तलफ आवरणारी, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी बराच काळ चालू ठेवायची, आणि श्वास मंदावलेला दिसला तर रुग्णवाहिका बोलावून त्याला कुशीवर वळवायचे. नॅलोक्सोन हे उतारा म्हणून दिले जाणारे औषध काही मिनिटांत शुद्धीवर आणते, पण त्याचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो आणि हेरॉइनसारख्या द्रव्याचा अंमल त्याहून लांबू शकतो, त्यामुळे माणूस उठून बसला म्हणून रुग्णालयात न नेणे धोक्याचे असते. त्या माउलीने हे सगळे एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतले आणि मग लिहिलेले डॉक्टरांना वाचून दाखवले.

दादा भानावर आला तेव्हा त्याला त्या रात्रीतले काही आठवत नव्हते. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली होती, पण यकृत अजून आक्रसलेले नव्हते. पहिली अवस्था दारू पूर्ण थांबल्यास बऱ्याच अंशी मागे फिरते, आणि पुढची सिरोसिसची अवस्था सहसा फिरत नाही. हे ऐकून त्याला हुरूप आला आणि त्याने लगेच विचारले, की मग पुढे कधीमधी एखादा प्याला चालेल का. डॉक्टरांनी दोन उत्तरे दिली. अवलंबित्व आलेल्या माणसाला एका प्याल्यावर थांबणे जवळजवळ कधीच जमत नाही, हे त्याच्यापुरते उत्तर. सगळ्यांपुरते उत्तर असे, की दारू कर्करोगाला कारणीभूत ठरते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच जाहीर केले आहे, आणि आता त्या यादीत तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांचे कर्करोग येतात. आणि आरोग्याला सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही, असे त्याच संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले. दादाने दुसरे उत्तर लक्षपूर्वक ऐकले. पहिले त्याला आवडले नाही.

घरी सोडण्यापूर्वी पुढची औषधे ठरवायची होती. डायसल्फिराम हे जुने औषध घेतलेले असताना दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. 1940 च्या दशकात डेन्मार्कमधले संशोधक जंतांवरचे औषध म्हणून या द्रव्याचा अभ्यास करत असताना, ते स्वतः घेऊन नंतर मद्य घेतल्यावर त्यांना हा परिणाम उमगला. वहिनीने हळूच विचारले, की हे आमटीत कालवून दिले तर. तिला दोष देता येणार नाही. 'रुग्णाच्या नकळत' दारू सोडवण्याचा दावा करणाऱ्या पुड्यांच्या जाहिराती तिने आयुष्यभर पाहिल्या होत्या. नकळत दिलेल्या या औषधावर माणूस बेसावधपणे प्यायला तर हृदय बंद पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते, शिवाय शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत त्याचा परिणाम राहू शकतो, असे सांगून डॉक्टरांनी तो विषय मिटवला. यकृताची स्थिती पाहता दादालाही ते नकोच होते. दुसरा पर्याय तलफ कमी करणाऱ्या अकॅम्प्रोसेटचा होता, आणि त्याची मूत्रपिंडे चांगली असल्यामुळे तेच सुरू केले. सोबत समुपदेशन आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका होत्या. 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दोन मद्यपींनी एकमेकांना सावरण्यातून सुरू केलेले हे काम पाहायला दादा नाखुशीने गेला आणि तिथे एका निवृत्त मुख्याध्यापकांशी त्याची गट्टी जमली. वहिनीला समुपदेशकाने एकच काम दिले: दादाच्या वतीने कोणालाही खोटे कारण सांगायचे नाही. तिला ते फार जड गेले.

काही महिन्यांनी दादा पुन्हा प्यायला. आधी एक प्याला, आणि दोन आठवड्यांच्या आत पूर्वीइतकी. या वेळी मात्र घरात आरडाओरडा झाला नाही, कोणी बाटल्या मोरीत ओतल्या नाहीत. वहिनीने त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, शेवटचा घोट किती वाजता घेतला. जुन्या कागदांवर पूर्वी झालेल्या डिलिरियमची ठळक नोंद होती, आणि ती महत्त्वाची ठरली, कारण पिणे आणि सोडणे हे चक्र जितक्या वेळा होते तितका पुढच्या वेळी सोडतानाचा त्रास अधिक तीव्र होण्याचा, आकडी येण्याचा संभव वाढतो. त्यामुळे मोजपट्टीवरचे गुण चढण्याची वाट न पाहता त्याला सुरुवातीपासूनच मोठी मात्रा दिली गेली, थायमिन जास्त दिवस दिले गेले, आणि त्या खेपेला तो भ्रमात गेला नाही. चार-दोन वाईट रात्री आणि अंगाचा कंप, एवढ्यावर निभावले.

तोवर यकृताच्या चाचण्या सुधारल्या होत्या, म्हणून आता त्याला अकॅम्प्रोसेटऐवजी नाल्ट्रेक्सोन दिले आहे, जे दारूतून मिळणारा आनंदच बोथट करते. त्या औषधाचीही एक अट आहे: ते मेंदूतल्या ज्या जागा अडवून बसते, त्याच जागांवर मॉर्फिनसारखी वेदनाशामके काम करतात, त्यामुळे अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी ती नेहमीसारखी लागू पडत नाहीत. तसे लिहिलेले एक कार्ड दादाच्या पाकिटात असते, आणि परवा दाढ काढायला गेला तेव्हा भूल देण्यापूर्वी त्याने ते स्वतःहून दंतवैद्यांसमोर ठेवले. त्यांनी ते वाचले, अफूवर्गीय गोळ्या टाळून वेगळे वेदनाशामक लिहून दिले, आणि दाढ काढली.